पाचवीच्या पहिल्या आठवड्यासाठी, बाईंना

आदरणीय बाई,

तुम्ही निवृत्त झालात आणि आता आराम करताय, असं गावात सगळे म्हणतात. मे महिन्याच्या उन्हात तुम्ही माझी वही पुढ्यात घेऊन बसत होतात, हे त्यांना ठाऊक नाही. म्हणून हे सगळ्यांदेखत लिहिते.

आपल्या बीडकडं मोठ्या शाळेतला पाचवीचा वर्ग म्हणजे आसपासच्या वस्त्यांवरच्या शाळांतून आलेली मुलं. एकमेकांना अनोळखी, मला तर सगळीच. पहिल्या दिवसासाठी मी लिहिलं होतं : उभं राहून पूर्ण नाव, गाव, वडील काय करतात. तुम्ही 'पूर्ण' आणि 'वडील' या दोन्ही शब्दांवर काट मारलीत. आडनावावरून जात आणि वडिलांवरून ऊसतोडीचा कोयता पहिल्याच तासाला चव्हाट्यावर कशाला, एवढंच बोललात. त्याऐवजी विचारायला लावलंत, 'तुला काय म्हणून हाक मारू?' हजेरीतलं नाव घरी कुणीच घेत नाही अशी किती मुलं निघाली!

पण खरे आभार 'मामाचं पत्र हरवलं'साठी. रुमालाऐवजी घडी घातलेली चिठ्ठी ठेवायची आणि ज्याच्यामागं पडेल त्यानं ती उघडायची, ही तुमची युक्ती. चिठ्ठीत प्रश्न : तुला काय चांगलं करता येतं? बोलायचं नसेल तर करून दाखवायचं. शेळीची धार काढण्यापासून सायकलचं पंक्चर काढण्यापर्यंत सगळं आलं. एका मुलानं तोंडातून शब्द न काढता उसाची मोळी बांधून दाखवली, हवेतच. सगळ्यांनी ओळखली. मोळी बांधायच्या वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या पात्याच्या, गाठीवर दोघातिघांत वादही झाला.

चिठ्ठी कोण स्वतः वाचतं आणि कोण हळूच शेजाऱ्याकडं सरकवतं, तिकडं लक्ष ठेव, हेही तुम्हीच सांगितलंत. वर्षाच्या सुरुवातीच्या पायाभूत चाचणीआधीच कुणाला वाचायला बसवायचं ते मला समजलं, आणि त्यांना आपली परीक्षा झाल्याचा पत्ताही नाही. (तुमचं बडबडगीत मात्र मी गाळलं. पाचवीची मुलं त्याला हसली असती, अजूनही माझं तेच मत आहे.)

मधल्या सुट्टीत एकेकट्याला विचारायचा तुमचा प्रश्न, 'दिवाळीनंतर तू कुणापाशी असतोस?', मी महिनाभर पुरवून वापरला. कोण आई-बापाबरोबर ऊसतोडीला कारखान्यावर जातं, कोण आजीपाशी राहतं, हे सरळ विचारलं असतं तर कळलं नसतं. आई-बाप तोडीला गेल्यावर मागं राहणाऱ्या मुलांच्या हंगामी वसतिगृहासाठी नावं द्यायची तर ही माहिती आधी हातात हवी. तोडणी मजुरांच्या टोळ्या निघाल्यावर बोलायचं कुणाशी?

मोळीवाल्या मुलाच्या घरी तोडीची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन झाली आहे. आजी त्याला ठेवून घ्यायला तयार आहे, आई अजून नाही. दसऱ्याआधी मी जाणार आहे. बरोबर याल का? त्याच्या आईला तुम्हीच शिकवलंय म्हणे.

तुमची,
पाचवीची वर्गशिक्षिका