नदीकडच्या कार्यालयाला ॲडव्हान्स देऊ नका

ती. आई-बाबांस शि. सा. नमस्कार,

बाबांच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी नदीकडचं कार्यालय नको, एवढं मी फोनवर म्हटलं आणि मग बोलणं भलतीकडेच गेलं. म्हणून सविस्तर लिहिते. बाबा, तुम्ही असंही विचारलंत की इतकी वर्षं लोकांची लग्नं, मुंजी, कंपन्यांचे सोहळे करतेस, तरी रात्री बसून हे सिनेमे आणि माहितीपट कसले बघतेस? या दोन्हीचं उत्तर एकच आहे.

कार्यक्रम चालू असताना मी कायम स्टेजच्या कडेला असते, कानाला वॉकीटॉकी. पाहुणा पाण्यासाठी किती वेळ उभा राहिला, वाढपी कधी जेवला, म्हातारं माणूस जिन्यापाशी का थांबलं, हे तिथून दिसत नाही. आणि बिघडलेल्या कार्यक्रमाबद्दल आमच्या धंद्यात कोणी मोकळेपणानं बोलत नाही, फोटो जातात ते चांगलेच. माहितीपटात मात्र एखादा फसलेला दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत बघता येतो. हवा तिथे थांबवता येतो, मागे नेता येतो. मला यापेक्षा चांगलं शिक्षण दुसरीकडे मिळालेलं नाही.

त्यातला एक मी पुन्हा पुन्हा बघते, ‘गिमी शेल्टर’, 1970 सालचा. 6 डिसेंबर 1969 ला रोलिंग स्टोन्स या बँडनं कॅलिफोर्नियात आल्टामाँट नावाच्या मोटारींच्या शर्यतीच्या मैदानावर फुकट कार्यक्रम केला. लोक आले सुमारे तीन लाख. मूळ जागा वेगळी होती. तिथे स्टेज चढावर, वरच्या बाजूला येणार होतं, म्हणून ते जेमतेम मीटरभर उंच बांधायचं ठरलं. चढणच गर्दीला आवरणार होती. ऐन वेळी, दोनच दिवस आधी, जागा बदलली. नव्या जागी स्टेज उताराच्या पायथ्याशी आलं, पण उंची तेवढीच राहिली. वरून गर्दी रेटत राहिली आणि ती अडवायला स्टेजभोवती कोण, तर मोटारसायकलवाल्यांची एक दांडगी टोळी. त्या रात्री स्टेजसमोर मेरेडिथ हंटर नावाचा अठरा वर्षांचा मुलगा भोसकला गेला.

पुढे दिग्दर्शक तेच चित्रण संकलनाच्या टेबलावर बँडचा गायक मिक जॅगर याला दाखवतात. फिल्म थांबवतात, मागे नेतात, पुन्हा चालवतात. तो बघत राहतो. स्टेजवर असताना त्याला जे दिसलं नव्हतं ते तिथे दिसतं. प्रत्येक आयोजकानं तो भाग बघावा असं मला मनापासून वाटतं. त्या वेळी जागा बदलली, आराखडा मात्र जुनाच राहिला. पुढचं सगळं त्यातून आलं.

आई, तू म्हणालीस की दादाचं लग्न नदीकडच्या कार्यालयात झालं, काही कमी पडलं नाही. खरं आहे. पण तेव्हा पाहुणे निम्मे तरी तरुण होते. जेवणाचा हॉल वरच्या मजल्यावर, लिफ्ट नाही, स्वच्छतागृह मागच्या अंगणात तीन पायऱ्या उतरून. त्यांना याचं काही वाटलं नाही. बाबांच्या कार्यक्रमाला त्यांच्या वयाचे मित्र येणार, शाळेतले निवृत्त सहकारी, आत्या, मावशी. पाहुणे बदलले की तोच हॉल वेगळा होतो. बाबांचे मित्र जेवायला वर जाणार नाहीत, खालीच बसून ‘आम्हाला भूक नाही’ म्हणतील. तुम्ही दोघंही हे ओळखता. म्हणून माझं मत शाळेजवळच्या कार्यालयाला आहे. दिसायला ते साधं आहे, पण सगळं एका पातळीवर आहे आणि रिक्षा दारापर्यंत येते.

दुसरी गोष्ट दिव्यांची. अमेरिकेत जुलै 1999 मध्ये वुडस्टॉक हा संगीत महोत्सव पुन्हा भरला होता, त्यावर अलीकडे दोन माहितीपट निघाले. जागा हवाई दलाचा जुना तळ, म्हणजे डांबर आणि काँक्रीट, सावली नाही, आणि कडक ऊन. पाण्याची बाटली चार डॉलरला, फुकटच्या नळापाशी भल्यामोठ्या रांगा, स्वच्छतागृहं तुंबलेली. तीन दिवस तापलेल्या, चिडलेल्या माणसांच्या हातात शेवटच्या संध्याकाळी शांततेसाठी म्हणून मेणबत्त्या दिल्या गेल्या. हेतू किती चांगला! थोड्याच वेळात मैदानात आगी पेटल्या. मेणबत्ती वाईट नव्हती. पण त्या वेळी, त्या गर्दीत ती पेटती कुणाच्या हातात जाणार, हे आधी कोणी डोळ्यांसमोर आणलं नाही.

आपल्याकडची माणसं तशी नाहीत, आणि औक्षण म्हणजे महोत्सव नव्हे, हे मला कळतं. तरी ऐंशी की एक्याऐंशी (ते गुरुजींना विचारून ठेव आई), एवढे दिवे एकदम पेटणार. वरचे पंखे चालू ठेवले तर दिवे विझणार, बंद केले तर वयस्कर माणसं घामाघूम होणार. भोवती सुना-लेकी जरीच्या साड्यांमध्ये, पदर सुटे. मी असं ठरवलंय: मोठ्या परातींत वाळू पसरून त्यात दिवे मांडायचे, आधीच तेल-वात घालून. परातींसाठी कमरेएवढ्या उंचीचं टेबल, म्हणजे कुणाला वाकावं लागणार नाही. पदर खोचूनच पुढे यायचं, हे मी स्वतः सांगेन. पंखे फक्त औक्षणापुरते बंद. कडेला वाळूची बादली, जवळ दोन मुलगे उभे, आणि औक्षण झालं की पराती लगेच मागच्या खोलीत. बाबांच्या पुढ्यात एक ताम्हण राहील, फोटोला तेवढं पुरे.

आता पैशांचं. ‘फायर’ नावाच्या महोत्सवावर 2019 मध्ये माहितीपट आला. बहामा बेटांपैकी ग्रेट एक्झुमावर एप्रिल 2017 मध्ये तो व्हायचा होता. जाहिरातीत निळा समुद्र आणि मॉडेल मुली. प्रत्यक्षात लोक पोचले तर आपत्तीग्रस्तांना देतात तसे तंबू आणि आदल्या रात्रीच्या पावसानं भिजलेल्या गाद्या. कामावरच्या एका वैमानिकानं बरंच आधी सांगितलं होतं की मॉडेलांचा विचार सोडा, संडासांचा करा. त्यालाच बाजूला केलं गेलं. मुख्य आयोजकाला पुढे फसवणुकीबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली.

पाहुण्यांच्या फजितीवर जगभर पुष्कळ बोललं गेलं. मला त्यातली एकच बाई विसरता येत नाही. तिथली हॉटेलवाली. दिवसरात्र तिनं कामकऱ्यांना जेवू घातलं. आयोजक पळाले आणि स्वतःच्या साठवणीतले पन्नास हजार डॉलर घालून तिनं आपल्या माणसांची मजुरी भागवली. कॅमेऱ्यासमोर ते सांगताना तिला बोलवत नाही. माहितीपट बघून लोकांनी तिच्यासाठी पैसे गोळा केले, ही त्यातली बरी गोष्ट.

म्हणून माझ्या कुठल्याही कार्यक्रमात आचारी, वाढपी, भांडी घासणाऱ्या बायका आणि मांडववाले यांचा हिशेब त्याच संध्याकाळी होतो, आणि वाढप्यांची पंगत पाहुण्यांच्या आधी बसते. बाबा, ‘केटररला द्या, तो त्याच्या माणसांचं बघेल’ असं म्हणू नका. तो बघतो की नाही, हे मी विचारते. आपल्या घरच्या कार्याला तर विचारणारच.

आई, तुला ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ आवडला होता. त्यातल्या फाळके बाईंना आठव. 1913 चा ‘राजा हरिश्चंद्र’ उभा राहिला तो दादासाहेबांच्या ध्यासावर, पण एवढ्या सगळ्या माणसांचं जेवणखाण सरस्वतीबाईंनी केलं, शिवाय फिल्मच्या कामातही हात लावला. सिनेमा बघताना आपण हसतो, पुढे जातो. मी आता तो बघते तेव्हा चुलीपाशी थांबते. भुकेल्या माणसाकडून कुणाचंच काम नीट होत नाही, मग ते शूटिंग असो की मुंज.

आणि एक छान गोष्ट. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात 1969 च्या उन्हाळ्यात सहा रविवार संगीताचा महोत्सव झाला. त्याचं चित्रण जवळजवळ पन्नास वर्षं पडून राहिलं आणि मग ‘समर ऑफ सोल’ निघाला, 2021 साली. दिव्यांना पैसे नव्हते, म्हणून स्टेजच पश्चिमेकडे तोंड करून बांधलं. दुपारचं ऊन थेट गाणाऱ्यांच्या चेहऱ्यावर! त्यात रंग किती सुंदर उतरलेत, ते तुम्हाला दाखवायचंय. शाळेजवळच्या कार्यालयात पूर्वेला मोठ्या खिडक्या आहेत. बाबांचं आसन खिडक्यांना पाठ करून मांडलं तर फोटोत चेहरा काळा येईल आणि समोर बसलेल्यांच्या डोळ्यांवर ऊन. समोरच्या भिंतीला मांडलं की सकाळच्या विधीला वेगळे लाइट लागणारच नाहीत. गुरुजींना पूर्वाभिमुख आसनच हवं असणार, म्हणजे तेही जुळतं.

‘मान्सून वेडिंग’मध्ये वधूपिता मांडववाल्याशी भांडतो: पांढरा मांडव का, आणि पावसाचं कापड लावायचे पैसे वेगळे का? लोक ते भांडण म्हणून बघतात. मला त्यात रात्री झोप न लागणारा, मित्राकडे उसने पैसे मागणारा बाप दिसतो. बाबा, तुम्ही पेन्शनमधून हे सगळं एकट्यानं करायचं ठरवलंय ते आईनं मला सांगितलं. तसं करू नका. हॉल आणि जेवण माझ्याकडे, मांडव आणि गाड्या दादाकडे. आमचं बोलणं झालंय. गुरुजींची दक्षिणा आणि आईची साडी तुम्ही घ्या.

आता मला तुमच्याकडून हवंय ते असं. येणाऱ्यांपैकी कोणाला चाकाची खुर्ची लागेल, कोणाला मधुमेह आहे, खाली बसता येत नाही असे किती, आणि बाहेरगावाहून आदल्या दिवशी कोण पोचणार, एवढं वहीत लिहून ठेवा. बाबा, तुम्ही स्वतः सलग किती वेळ पाटावर बसू शकाल तेही खरं खरं सांगा, म्हणजे गुरुजींशी बोलून मध्ये विश्रांती ठेवता येईल. शाळेजवळच्या कार्यालयाचा ॲडव्हान्स मी सोमवारी इथून भरते. त्याआधी काही मनात असेल तर रविवारी फोन करा.

तुमची,
लेक