परतीचं आधी ठरव

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू घाईत होतास, म्हणून लिहितेय. मित्रमैत्रिणींबरोबर रात्री बाहेर जायला माझी ना नाही. या वयात नाही जायचं तर कधी? मला काळजी वाटते ती परतीच्या वाटेची. तू मुलगा आहेस म्हणून ती कमी होत नाही.

माझं मुख्य सांगणं एकच. परत कसं यायचं, ते खोलीतून निघतानाच ठरव. शेवटची बस किती वाजता, ती चुकली तर काय, सोबत कोण, हे संध्याकाळी पाच मिनिटांत ठरतं. रात्री दीड वाजता अंग थकलेलं असतं, फोनची बॅटरी संपत आलेली असते, कुणीतरी "चल, बस पटकन" म्हणतं आणि माणूस बसतो.

म्हणूनच गाडी कोण चालवतंय ते बघ. "दोनच घेतल्यात" म्हणणाऱ्याच्या मागे बसायचं नाही, मग तो कितीही जवळचा असो. यात मी सूट देणार नाही. यकृत दारूचा निचरा आपल्या गतीने करतं. कॉफीने किंवा गार पाण्याच्या आंघोळीने तो लवकर होत नाही. उलट शेवटचा घोट घेतल्यावरही काही वेळ रक्तातलं प्रमाण वाढत राहू शकतं, त्यामुळे निघताना ठीक दिसणारा अर्ध्या वाटेत ठीक असेलच असं नाही. आणि न पिणाऱ्याचंही बघ. सलग १७ तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतका मंदावतो, असं प्रयोगांत दिसलं आहे. सकाळी सातला उठलेला तुझा मित्र मध्यरात्री तिथे पोचलेला असतो, थेंबही न घेता.

ॲपवरून गाडी बोलावलीस तर नंबर जुळवून बघ आणि "कुणासाठी आलात?" असं ड्रायव्हरलाच विचार, आपलं नाव आधी सांगू नकोस. मागे बस, पट्टा लाव, लोकेशन कुणाला तरी पाठव. चालत येणार असशील तर लांबचा पण उजेडाचा, वर्दळीचा रस्ता धर आणि इअरफोन खिशात ठेव. कुणी खोडी काढली तर उत्तर न देता पुढे जा. त्यात काही कमीपणा नाही.

आता एक गोष्ट नीट वाच. तुमच्यातला कुणी जास्त प्यायला आणि आडवा झाला, तर "झोपू दे, सकाळपर्यंत उतरेल" म्हणून त्याला एकटं सोडू नका. उताणं झोपलेलं असताना उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाते आणि माणूस गुदमरून जातो. त्याला कुशीवर वळवा, वरचा गुडघा दुमडून पुढे ठेवा म्हणजे तो परत उताणा होणार नाही, आणि कुणीतरी जवळ बसून राहा. हाका मारून, खांदा हलवूनही तो जागा होत नसेल, श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी होत असतील किंवा दोन श्वासांमध्ये दहा सेकंदांहून जास्त वेळ जात असेल, ओठ निळसर, अंग गार पडलं असेल, तर लगेच रुग्णवाहिका बोलवा. यातलं एक लक्षण दिसलं तरी पुरे. घरी कळेल, हॉस्टेलवर बोलणी बसतील, या भीतीपायी थांबू नका. बोलणी खाऊन माणूस जगतो रे.

मैत्रीण गाडीत बसली म्हणजे आपलं काम झालं, असंही नाही. तिचा "पोचले" असा मेसेज येईपर्यंत झोपू नकोस, आणि तुझाही तिला जाऊ दे.

कुठे अडकलास, कुणाबरोबर बसावंसं वाटत नाही, पैसे संपले, तर मला फोन कर. कितीही वाजले असोत. त्या वेळी मी फक्त तू कुठे आहेस एवढंच विचारेन आणि गाडीची सोय करेन. बोलायचं असेल ते दुसऱ्या दिवशी बोलेन, आणि बोलेन हेही खरं. पण त्यासाठी फोन करायचा राहू नये.

शनिवारी जाणार आहात ना? निघायच्या आधी, परत कशाने येणार आणि कुणाबरोबर, एवढं मला लिहून पाठव.

तुझी,
आई