कपिलीची चूक नव्हती

इथाका, न्यूयॉर्क

ती. आईस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालीस, तांबडी गाय रेत भरवूनही दुसऱ्यांदा उलटली, गाभण राहिलीच नाही, आणि अण्णा बाजाराचं बोलायला लागलेत. रात्रभर मला आपली जुनी गाय कपिली दिसत होती. तीही अशीच तीनदा उलटली आणि भाकड म्हणून गेली. म्हणून हे सविस्तर लिहिते. अण्णांनाही वाचून दाखव.

मी इथे नेमकं काय करते, ते तुला कधी नीट सांगितलंच नाही. कत्तलखान्यातून आमच्याकडे गाईच्या बीजवाहक नळ्या बर्फात येतात. नळीच्या गर्भाशयाकडच्या अरुंद भागातलं आतलं अस्तर मी हलक्या हातानं खरवडते, गाईच्या अंगाइतक्या उबेत, 39 अंशांवर ठेवते आणि त्यावर वळूचं रेत सोडते. सूक्ष्मदर्शकाखाली त्या अस्तरावर बारीक लव दिसते, सारखी हलणारी. शुक्राणू येतो, लवेत डोकं खुपसतो आणि तिथेच चिकटतो. शेपटी वळवळत राहते, डोकं जागचं हलत नाही. वासरू कासेला लुचताना शेपटी हलवतं ना, अगदी तसं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आपला गोठाच आठवला.

वळूच्या वीर्यातली काही प्रथिनं शुक्राणूच्या डोक्यावर बसतात आणि तीच त्याला नळीला धरून ठेवतात. हे इथल्याच सूझन सुआरेझ यांच्या प्रयोगशाळेनं 2003 साली दाखवलं. धरून राहिलेला शुक्राणू जास्त वेळ तग धरतो. गाईचं स्त्रीबीज सुटायची वेळ आली की तो शेपटीचे जोरकस फटके मारत सुटतो आणि पुढे निघतो. मेंढीत, डुकरिणीतही नळीत असाच मुक्काम असतो. म्हणजे गाय नुसती पडून घेत नाही, तीच त्यांना सांभाळते.

पण नळीपर्यंत पोचणंच कठीण. वळू एका वेळी शेकडो कोटी शुक्राणू सोडतो, नळीत पोचतात ते काही हजार. गर्भाशयाच्या तोंडाशी घड्याच घड्या, आत गेलं की रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्यांना गिळायला टपलेल्या. माजावरचा सोट, म्हणजे गाईचा चिकट स्राव, काचेसारखा पातळ असतो तेव्हाच वाट मोकळी होते. त्या घड्यांत बारीक चऱ्या असतात. पहिल्या पावसात ओढ्याला मासे चढणीला लागतात, तसे शुक्राणू त्या चऱ्यांतून प्रवाहाच्या उलट वर जातात.

आपल्याकडे भरतात त्या गोठवलेल्या रेताच्या कांडीत साधारण दोन कोटी शुक्राणू असतात. डॉक्टर ती गर्भाशयाच्या तोंडापलीकडे सोडतात, म्हणून तेवढ्यांत भागतं. पण गोठवताना बरेच मरतात, उरलेले फार वेळ टिकत नाहीत. नळीत पुरेसे जमायला सहा-आठ तास लागतात. गाईचं बीज माज सुरू झाल्यापासून अंदाजे 28 ते 30 तासांनी सुटतं आणि सुटल्यावर काही तासच कामाचं राहतं. फार लवकर भरवलं तर शुक्राणू आधीच संपतात, उशीर केला तर बीज वाट पाहून जातं. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी, हा नियम त्यातूनच आला. तो अमेरिकेत नेब्रास्कात ट्रिंबर्गर यांनी 1948 साली गाईंवर पारखला होता.

आता कपिलीचं आठव. उसाची तोड चालू होती. आदल्या दिवशी सकाळी ती हंबरत होती, आणि कांडी भरली दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. तेव्हा बीज सुटूनही गेलं असणार. तिन्ही वेळा जवळजवळ असंच झालं. तिची चूक नव्हती, आई. हे मला तेव्हा कळलं असतं तर मी अण्णांचा हात धरला असता.

तांबडीला विकू नका. मागच्या माजानंतरच्या अठराव्या दिवसापासून पहाटे धारेच्या आधी आणि रात्री झोपताना एकदा तिच्याकडे बघ. दुसरी गाय अंगावर चढली तरी ती जागची हलत नसेल, तर तो खरा माज. ती वेळ कॅलेंडरवर लिहून ठेव. सोट पांढरट, गढूळ असेल तर त्या खेपेला कांडी भरू नका, आधी डॉक्टरांकडून औषध करून घ्या. वेळ सांभाळूनही उलटली तर तपासणी करा, कारण दुसरंही असू शकतं.

माज दिसला की मला फोन कर. इथे मध्यरात्र असली तरी चालेल.

तुझी,
बायडी