मानसिक आजाराच्या गोळ्या तालुक्यालाच मिळू द्या

संपादक साहेब, नमस्कार.

आमच्या विदर्भात शेतकरी आत्महत्येची बातमी आली की चार दिवस समुपदेशनाची चर्चा होते, पण ज्यांचा आजार आधीच कळलाय, गोळ्या चालू आहेत, त्यांच्याकडे कोणी बघतच नाही. स्किझोफ्रेनियाचा पेशंट घरात असला की दर महिन्याला जिल्ह्याला जायचं, सोबतच्याची मजुरी बुडते, एसटीचं भाडं वेगळं, आणि तिकडे एखादी गोळी संपली असली की बाहेरून घ्या म्हणतात, पैसे नसले की गोळी बंद आणि माणूस परत पहिल्यासारखा, मग शेजारी म्हणतात बाहेरचं आहे, मांत्रिकाकडे न्या. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात स्पष्ट लिहिलंय की आवश्यक यादीतली औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वर सगळीकडे सरकारी दवाखान्यात कायम फुकट मिळाली पाहिजेत. मग ती तिथे ठेवा ना! टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्याच्या फोन हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चांगलाच आहे, मराठीत बोलतात, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मोठा लिहा, पण फोनवरून गोळी हातात येत नाही. गोळ्या सुटलेल्या पेशंटची विचारपूस आशाताई करू शकतात, फक्त त्याचा वेगळा मोबदला द्या, फुकट राबवू नका. आणि मानसोपचार डॉक्टरांनी महिन्यातल्या एका ठरलेल्या वारी तालुक्याला बसावं, तो वार बदलू नये.

– एक वाचक, विदर्भ