गच्चीवर अर्धं राहिलेलं बोलणं

बेळगाव
रविवार, रात्री

प्रिय दोस्ता,

गणपतीत आलास, चार दिवस राहिलास, आणि शेवटच्या रात्री गच्चीवर आपलं जे वाजलं ते अजून मनातून जाईना म्हणून लिहायला बसलोय. फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस, मीपण तुला देत नाही, त्यापेक्षा पत्र बरं, तुला मध्ये तोंड घालता येणार नाही.

तू काय म्हणालास ते मला शब्दन् शब्द आठवतंय. 2004 पासून सीमाप्रश्नाची केस सुप्रीम कोर्टात पडलीय, आपले आजे वाट बघत गेले, तुमच्या कोर्टाकचेऱ्यांनी काय होणार नाही, एक जनरल पाहिजे, एका दिवसात निकाल लावेल. आणि मग म्हणालास, मुशर्रफ बघ, दुश्मन असला म्हणून काय झालं, माणूस खमक्या, आला आणि देश मुठीत घेतला. आप्पा तिथंच खुर्चीवर बसले होते. काही न बोलता उठून खाली गेले. तुला वाटलं झोप आली असेल. झोप नव्हती आली मर्दा, ते खाली जाऊन अंधारात ओसरीवर बसले होते, मी पाणी प्यायला उतरलो तेव्हा बघितलं.

तुला 1999 चा उन्हाळा आठवतो काय? आपण नववी संपवून दहावीत चाललो होतो. आप्पांचं पोस्टिंग काश्मीरात होतं, नेमकं कुठं ते आम्हाला माहीत नसायचं, पाकिटावर फक्त लष्कराच्या पोस्टाचा पत्ता, केअर ऑफ 56 एपीओ. मे महिन्यात कारगिल सुरू झालं आणि पत्रं थांबली. आई रोज अकरा वाजता दारात उभी, पोस्टमन सायकल न थांबवता पुढं गेला की आत येऊन चुलीजवळ बसायची, आणि तुझी आई संध्याकाळी डबा घेऊन यायची, कारण आमच्यात धड स्वयंपाकच होत नव्हता. जुलैत एक इनलँड आलं, तीन ओळी, मी बरा आहे, पोराची फी भर, म्हशीकडं बघ. त्या तीन ओळी आईनं किती दिवस उशाखाली ठेवल्या होत्या.

आता तू ज्याला खमक्या म्हणतोस तो माणूस तेव्हा काय करत होता बघ. फेब्रुवारीत वाजपेयी बसनं लाहोरला गेले, सह्या झाल्या, आणि त्याच हिवाळ्यात ह्याची माणसं बर्फ पडल्यामुळं रिकाम्या केलेल्या आपल्या चौक्यांवर येऊन बसलेली. आपले 527 जवान गेले. पंतप्रधान नवाझ शरीफना किती सांगितलं होतं यावर त्या दोघांचं भांडण शेवटपर्यंत मिटलं नाही. पण आप्पांचा राग ह्यावर नाही, लढाई म्हटली की डावपेच आले म्हणतात. त्यांचा राग दुसऱ्याच गोष्टीवर आहे. डोंगरावर मेलेली पोरं त्यांच्या नॉर्दर्न लाइट इन्फंट्रीची, पगारी सैनिक, खिशात पे-बुकं, घरची पत्रं. आणि त्यांचं सरकार, त्यांचं लष्कर म्हणतंय की आमचे नाहीतच, ते मुजाहिदीन. बऱ्याच जणांची मढी घ्यायलासुद्धा कोण आलं नाही. मग आपल्याच जवानांनी त्यांना त्यांच्या धर्माप्रमाणं मूठमाती दिली. आप्पांच्या युनिटनं नाही, पण शेजारच्या सेक्टरातनं आलेल्यांनी त्यांना सांगितलेलं. घरी आल्यावर लढाईबद्दल ते एवढंच एकदा बोलले, "आपल्या पोराला आपलं म्हणायला ज्याची जीभ उचलत नाही तो कसला जनरल?"

बरं, हा वर आला कसा ते बघ. दिल्लीत दर्यागंजच्या हवेलीत 1943 ला जन्म, फाळणीत घर कराचीला, लहानपणची काही वर्षं वडलांच्या नोकरीमुळं तुर्कस्तानात. तोफखान्यात अधिकारी, नंतर कमांडो. ऑक्टोबर 1998 मध्ये शरीफनी दोघा सिनियरना डावलून ह्याला लष्करप्रमुख केलं. का, तर हा मुहाजिर, म्हणजे फाळणीत भारतातनं तिकडं गेलेल्यातला, पंजाबी नव्हे, ह्याच्यामागं गट नाही, ऐकून राहील. अगदी हाच हिशेब 1976 मध्ये तेव्हाचे पंतप्रधान भुट्टोंनी केला होता, बरेच सिनियर बाजूला सारून झिया-उल-हकला आणलं, मऊ माणूस म्हणून. त्याच झियाच्या राजवटीत 1979 ला भुट्टो फासावर गेले. बावीस वर्षांपूर्वीचा धडा डोळ्यासमोर असून शरीफनी तेच केलं, हे मला अजून कळत नाही.

12 ऑक्टोबर 1999. मुशर्रफ श्रीलंकेतनं कराचीला येणाऱ्या साध्या पॅसेंजर विमानात, आत जवळजवळ दोनशे माणसं, त्यात शाळेची पोरं पण. इकडं शरीफनी टीव्हीवर जाहीर केलं की लष्करप्रमुख बदलला, आणि विमान उतरू द्यायचं नाही असा हुकूम गेला. विमान वर घिरट्या घालतंय, तेल संपत आलंय, आणि खाली जनरलची माणसं आधीच हललेली. इस्लामाबादेत लष्कराच्या 111 ब्रिगेडनं टीव्ही स्टेशन आणि पंतप्रधानाचं घर घेतलं, कराचीत विमानतळ घेतला. विमान टेकलं तेव्हा टाकीत थोड्या मिनिटांचं तेल होतं म्हणतात. रात्री उशिरा टीव्हीवर भाषण, आणि दोन दिवसांनी पदवी घेतली ती पण कशी, राष्ट्रपती नव्हे, मार्शल लॉ वाला नव्हे, तर चीफ एक्झिक्युटिव्ह. कंपनीचा साहेब असल्यासारखी.

आणि लोकांनी पेढे वाटले. हे मला तुला नीट सांगायचंय, कारण तुझं बोलणं त्या दिवशी मला तसंच वाटलं. लाहोरात लोक मिठाई वाटत होते, एक गोळी न सुटता सरकार गेलं म्हणून खूश होते, भ्रष्टाचाराला कंटाळलेले होते, त्यांचं काही खोटं नव्हतं. त्यांना वाटलं दोनचार वर्षं डंडा चालवेल आणि मग जाईल. तो जवळजवळ नऊ वर्षं राहिला.

आता माझ्या धंद्यातली, वकिलीतली गोष्ट. त्यांच्या राज्यघटनेत सैनिकाची शपथ लिहिलेली आहे, त्यात स्पष्ट शब्द आहेत की मी घटना पाळीन आणि कसल्याही राजकारणात पडणार नाही. ती शपथ ह्यानं पण घेतलेली. ती मोडल्यावर ह्याला दुसऱ्यांच्या शपथा लागल्या. जानेवारी 2000 मध्ये न्यायाधीशांना सांगितलं की नव्यानं शपथ घ्या, घटनेची नव्हे, माझ्या तात्पुरत्या हुकुमाची. सुप्रीम कोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती सईदुझ्झमान सिद्दीकी नाही म्हणाले, त्यांच्याबरोबर आणखी काही जण घरी गेले. बाकीच्यांनी घेतली. मे महिन्यात त्याच कोर्टानं निकाल दिला, गरज होती म्हणून हे चालेल, तीन वर्षं घे, घटना बदलायची तर बदल. आणि दोस्ता, त्या बेंचवर इफ्तिखार चौधरी नावाचे एक न्यायाधीश होते, त्यांनी पण शपथ घेतलेली, त्यांनी पण हो म्हटलेलं. हे नाव लक्षात ठेव.

मधली वर्षं भराभर सांगतो. 2001 ला स्वतःच राष्ट्रपती, मग आग्र्याची बैठक, मग 11 सप्टेंबर, आणि अमेरिकेला माणूस पाहिजे होता म्हणून हा एकदम लाडका. 2002 ला सार्वमत, समोर उमेदवार कोणी नाही, 97 टक्क्यांच्या वर हो. 2004 संपायच्या आत वर्दी उतरवतो म्हणून शब्द दिला आणि मोडला, वर्दी म्हणजे माझी दुसरी कातडी म्हणायचा. खोटं कशाला बोलू, काही चांगलं पण झालं, खाजगी टीव्ही चॅनेलना मोकळीक दिली, बायकांना संसदेत राखीव जागा वाढवल्या, आणि नोव्हेंबर 2003 ची एलओसीवरची शस्त्रसंधी, ती तर आप्पांच्या तोंडून मी ऐकलीय, त्यानंतर पोरांना रात्री झोप मिळाली म्हणायचे. पण विचारणारं कोणी नसलं की चांगलं पण साहेबाच्या मर्जीवर, नको वाटलं की काढून घेणार.

आणि तसंच झालं. चौधरी 2005 ला मुख्य न्यायमूर्ती झाले. सरकारी पोलाद कारखाना घाईघाईनं विकलेला तो सौदा त्यांनी रद्द केला. गायब झालेल्या माणसांच्या बायका-आया कोर्टाच्या दारात फोटो घेऊन उभ्या राहायच्या, त्यांच्या केसेस घ्यायला लागले, गुप्तचर खात्याला विचारायला लागले माणसं कुठं आहेत. 9 मार्च 2007 ला जनरलनं त्यांना रावळपिंडीत आपल्या ऑफिसात बोलावलं. हा फुल वर्दीत, बाजूला गुप्तचर खात्याचे मोठे अधिकारी, कित्येक तास बसवून ठेवलं, राजीनामा द्या म्हणाले. ते नाही म्हणाले.

मी तेव्हा लॉच्या शेवटच्या वर्षाला होतो. पेपरात फोटो आलेला, चौधरींना चालत कोर्टात जायचं होतं आणि पोलिसानं त्यांचे केस धरलेले, डोकं दाबून गाडीत घालालेत. तो फोटो मी कापून वहीत ठेवला होता. आणि मग काळे कोट रस्त्यावर आले, गावोगावचे साधे वकील, आपल्या कोर्टात चिंचेखाली टेबल टाकून बसणारे असतात तसले, काम बंद, डोकी फुटली, आत गेले. मे महिन्यात चौधरी इस्लामाबादहून लाहोरला निघाले मोटारीनं, गाडी चालवायला एतझाझ अहसान, स्वतः नावाजलेले वकील. अंतर साधारण आपल्या बेळगाव-पुण्याएवढं. किती वेळ लागला असेल? जवळजवळ एक दिवस आणि एक रात्र, एवढी माणसं वाटेत उभी होती, पहाटेपर्यंत. आठवड्याभरात कराचीत चौधरी जाणार म्हणून रस्ते अडवले, गोळीबार झाला, चाळीसच्या वर माणसं मेली, आणि त्याच संध्याकाळी जनरल इस्लामाबादेत सभेला उभा राहून आपली ताकद दाखवत होता. मला वाटतं त्या दिवशी तो आतनं संपला. जुलैत कोर्टानं चौधरींना परत खुर्चीवर बसवलं.

मग 3 नोव्हेंबरची आणीबाणी. ज्या चॅनेलना ह्यानंच परवाने दिले ती बंद. न्यायाधीशांना परत तीच गोष्ट, नव्या हुकुमाची शपथ घ्या. पण ह्या वेळी साठेक न्यायाधीशांनी घेतली नाही. घरात कोंडलं, पोरांना शाळेत जाऊ दिलं नाही, तरी नाही. सात वर्षांपूर्वी ज्यांनी मान हलवली त्यातलेच काही होते त्यात. एकदा चुकलेल्या माणसाला परत सरळ उभं राहता येतं हे मी तिथं बघितलं, आणि वकिली करावी की नको असं चाललेलं माझं, ते त्या महिन्यात मिटलं. हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

पुढं उतारच. नोव्हेंबरअखेर वर्दी उतरवली, 27 डिसेंबरला बेनझीर भुट्टो मारल्या गेल्या, फेब्रुवारी 2008 च्या निवडणुकीत ह्याचा पक्ष आपटला, 18 ऑगस्टला टीव्हीवर राजीनामा, मग लंडन. 2013 ला परत आला निवडणूक लढवायला, लोक खांद्यावर घेतील असं वाटलं असणार, पण अर्जच बाद. एप्रिलमध्ये हायकोर्टानं जामीन नाकारल्यावर हा कमांडो कोर्टातनं पळाला, गाडीत बसून फार्महाऊसवर. दुसऱ्या दिवशी अटक. देशद्रोहाचा खटला उभा राहिला, पण कशाबद्दल बघ, 2007 च्या आणीबाणीबद्दल, 1999 बद्दल नाही. कारण 1999 ला न्यायाधीशांनी आणि नंतर संसदेनं हो म्हणून ठेवलेलं, ते कागदावर कायदेशीर झालं होतं. मी हे वाचलं तेव्हा फाईल मिटवून बराच वेळ बसून राहिलो.

2016 ला औषधोपचाराला म्हणून दुबईला गेला तो परत आलाच नाही. डिसेंबर 2019 ला फाशीची शिक्षा, लगेच लाहोर हायकोर्टानं ते विशेष कोर्टच बेकायदा ठरवलं, 5 फेब्रुवारी 2023 ला दुबईत मेला, आणि जानेवारी 2024 मध्ये त्यांच्या सुप्रीम कोर्टानं शिक्षा कायम केली, मेल्यावर. 2019 ला फाशी सुनावणाऱ्या त्या विशेष कोर्टातल्या एका न्यायाधीशानं निकालपत्रात, आधी मेला तर प्रेत ओढत चौकात आणून तीन दिवस टांगा असं लिहिलं होतं. ते मला अजिबात पटलं नाही. जनरलांच्या राज्यात राहून न्यायाधीशाची भाषापण तशी झाली, मला त्याचं वाईट वाटतं.

आता आपल्या केसचं. मला राग येत नाही असं समजू नकोस. माझ्या आज्यानं 1956 पासून वाट बघितली, घरात मराठी, सातबारा कन्नडमध्ये, अर्ज वाचून घ्यायला माणूस शोधायचा, हे मी रोज कोर्टात बघतो, त्याच कामावर माझं घर चालतं. पण जनरल एका दिवसात निकाल लावेल म्हणतोस तो कुठल्या बाजूनं, हे तुला-मला कोण विचारणार? आणि विरुद्ध लावला तर अपील कुठं करायचं सांग. आज तारीख पडते, पडू दे, तारखेला उभं राहून बोलता तरी येतं.

मुशर्रफ मेल्याची बातमी आली त्या दिवशी आप्पा जेवत होते. टीव्हीचा आवाज कमी केला, कुणाच्या मरणावर हसू नये म्हणाले. हात धुऊन आल्यावर मला विचारलं, ती डोंगरावर राहिलेली पोरं होती, त्यांच्या आयांना शेवटी सांगितलं काय कुणी? मला उत्तर देता आलं नाही.

तुझ्यावर ते रागावले नाहीत, उलट विचारालेत कधी येणार म्हणून. मराठा सेंटरमध्ये कसम परेड असते तेव्हा ते अजून पहाटे उठून दाढी करून, मेडलं लावून जातात, आपल्या तिरंग्यासमोर नवी पोरं घटनेची शपथ घेतात ते बघायला. पुढच्या वेळी तुला बरोबर न्यायचं म्हणालेत. परेडची तारीख कळली की कळवतो, आदल्या रात्रीच ये, सकाळी साडेपाचला ते कोणासाठी थांबत नाहीत. काकूंना नमस्कार सांग, आणि त्यांच्या डब्याची आठवण आई अजून काढते ते पण सांग.

तुझाच