विनूच्या पैशांबद्दल

ती. आई-अण्णांना साष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. थंडी आहे, पण अक्कानं विणलेला स्वेटर पुरतो. काळजी करू नका.

अण्णा, विनूनं कॅसिनोत २३०० डॉलर जिंकले आणि मी ते ठेवून घेतले, असं काका म्हणतात म्हणे. एक पैसा कुणाच्या हातात आलेला नाही. इथे न्यू जर्सीत २१ वर्षांखालच्याला कॅसिनोत जुगाराची मनाई आहे. विनूला २१ पूर्ण व्हायला ४ महिने कमी. अशानं जिंकलेलं त्याला मिळत नाही, हा कायदाच आहे.

मला अजून न उलगडलेलं ते असं. आत जाताना आम्हाला वय कुणी विचारलं नाही. दीड तास तो मशीनवर बसला, ४०० डॉलर गेले, तेव्हाही नाही. रक्कम लागली तसा वरचा दिवा लागला आणि मशीन आपोआप अडकलं. मोठी रक्कम असली की करासाठी फॉर्म भरून घेतात, तेव्हा ओळखपत्र मागतात. काळ्या कोटातल्या बाईनं पासपोर्टवरच्या जन्मतारखेवर बोट ठेवून दोनदा वाचलं. विनूचा हात तोवर मशीनवरच होता.

आपल्याकडे माळ घालतात तसं इथे काही माणसं ‘मला कॅसिनोत घेऊ नका’ असं स्वतःच लिहून देतात. त्यांनाही हेच. लागलं तर मिळत नाही, गेलेलं परत मागता येत नाही. द्यायचे नाहीत तर घ्यायचे तरी कशाला? मला हे पटत नाही. पण १९८७ साली लास वेगासला १९ वर्षांच्या पोराला १० लाखांवर डॉलर लागले होते, तो कोर्टात जाऊनही हरला. काकांना म्हणावं, वकिलाच्या मागे लागू नका.

आई, मी जुगाराला लागलेलो नाही. शपथ. एकदाच गेलो, समुद्र बघायला म्हणून. मी एक डावही खेळलो नाही.

ते ४०० विनूच्या फीचे होते. मी भरलेत, म्हणून या महिन्यात पैसे निम्मेच आलेत. सुमीच्या स्थळाला, खानापूरकरांना, होय कळवून टाका. हॉलचा ॲडव्हान्स मी पुढच्या महिन्यात नक्की पाठवतो, त्यासाठी भात घाईनं विकू नका.

काकांना हे पत्र सगळं वाचून दाखवा. विनूला तिथे मीच घेऊन गेलो होतो. फोनवर मला ते बोलता आलं नाही.

तुमचा,
बाळू