वारीतला गुंता जट होण्याआधी सोडवा

संपादक महोदय,

ज्येष्ठ वद्य सप्तमीला पैठणहून नाथांची पालखी निघेल. आमच्याकडे पिशव्या भरायला सुरुवात झाली आहे, म्हणून हे पत्र आताच लिहिते. मी निवृत्त आरोग्यसेविका, नऊ वर्षं दिंडीत चालते. पायाच्या फोडांना मलम, पोटाला गोळ्या सगळ्याजणी घेतात. केसांचा विषय मात्र कोणी काढत नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्या दिंडीत डोक्यावर तुळस घेऊन चालणारी एक तिशीतली बाई होती. केस कमरेपर्यंत. पाटोद्याच्या पुढे पाऊस लागला. ओला अंबाडा, त्यावर चुंबळ, चुंबळीवर वृंदावन. पाच दिवस तिनं केस सोडलेच नाहीत. परांड्याला सोडायला गेली तर मागे मुठीएवढा गोळा झालेला, फणी शिरेना. शेजारची म्हातारी हात जोडून म्हणाली, "जट आली माय तुला. देवीची खूण हाय, कातर लावू नको." बाईचा चेहरा पांढरा पडला. घरी फोन केला तर तिकडूनही तेच, हात लावू नको.

मी तिला पुढ्यात बसवलं. "बाई, आधी तेल तर लावू दे," म्हटलं. खोबरेल जिरवलं आणि टोकाकडून बोटांनी एकेक बट मोकळी करत वर गेले. मुळाकडून ओढलं तर गाठ आणखी आवळते. दोन तास लागले. आत उवा होत्या, लिखा होत्या, देवीचं काही नव्हतं. सुपारीएवढी एक गाठ सुटली नाही, ती तिला विचारून कापली. पुढे पंढरपूरपर्यंत ती सगळ्यांच्या पुढे चालली.

जट कशी होते हे बायकांना कोणी सांगत नाही. माणसाचे रोज ५० ते १०० केस गळतातच. रोज विंचरलं तर ते फणीत येतात. पाच दिवस अंबाडा बांधून ठेवला तर दोन-चारशे सुटे केस आतच राहतात आणि चांगल्या केसांत अडकतात. वरून घाम, धूळ, पाऊस आणि डोक्यावरच्या ओझ्याचं घासणं. दुर्लक्ष झालं की गोळा घट्ट होत जातो, आणि मग भीतीपोटी बायका तो वर्षानुवर्षं मानेवर वागवतात. मान दुखते, कातडीला जखमा होतात. नोकरीत असताना अशा जटा मी पाहिल्या आहेत. ज्यांना झाली आहे त्यांनी जवळच्या अंनिसच्या (अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या) कार्यकर्त्यांना गाठावं, ते समजावून, धीर देऊन जट काढून देतात.

पण बायका केस धूत का नाहीत? अंघोळ पहाटे तीनला, टँकरपाशी, पुरुष उठायच्या आत, अंधारात उरकावी लागते. तेव्हा डोकं धुतलं तर वाळणार कधी? ओल्या केसांवरच पदर घेऊन निघावं लागतं, म्हणून धूतच नाहीत. माझी दिंडीप्रमुखांना आणि वाटेवरच्या ग्रामपंचायतींना कळकळीची विनंती आहे की तीन-चार दिवसांतून एकदा दुपारच्या विसाव्याला आडोसा करून द्या. लांब केसांना दीड-दोन बादल्या पाणी पुरतं, आणि दुपारच्या उन्हात केस वाळतातही.

आपल्याकडे बोअरचं पाणी जड. त्यात साबण फुटतो आणि केस चिकट होतात. त्यापेक्षा शाम्पूची पुडी बरी, आणि शेवटच्या तांब्यात अर्धं लिंबू पिळावं. तेल धुण्याच्या आदल्या रात्री लावावं. रोज चोपडून चाललं तर धूळ बसते. वेणी सैल घालावी, झोपण्याआधी एकदा सोडून विंचरावी, ओले केस मात्र जपून, ते ताणले की तुटतात. फणी ज्याची त्यानं ठेवावी. ऊ उडत नाही, डोक्याला डोकं लागून किंवा एकाच फणीतून पसरते. औषध लावलं तरी सात ते दहा दिवसांनी पुन्हा लावावं लागतं, कारण लिखा फुटतात.

यंदा मी चार जुनी नऊवारी लुगडी आडोशासाठी बरोबर घेते आहे. बांबू तेवढे विसाव्याच्या गावांनी द्यावेत.

— एक निवृत्त आरोग्यसेविका, पैठण